टिकलीच्या पिस्तुलाची तपासणी

२५ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या पोरीनं, मेघानं, ही डायरी बीपी लिहायले आणून दिली. डॉक्टर म्हणे रोज लिहा. आजचं १४८/९२. लिहून झालं. आता उरलेल्या पानाचं काय करायचं? चौतीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत माल तपासला, एक कागद कधी अर्धा कोरा सोडला नाही. काय तपासत होतो ते मी आजही लिहीत नसतो, बंदी आहे. पण बाकीचं लिहायले कोणाची बंदी नाही.

तर आज समोरच्या गल्लीतली दीप्ती आली. मेघाची शाळेपासूनची मैत्रीण, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. तिनं नाटक लिहिलं अन् हौशी स्पर्धेत उतरवून राहिली. नाटक कुठलं, तर अमेरिकेतलं! म्हटलं, पोरी, नागपुरातल्या गोष्टी संपल्या काय? तर म्हणते, "काका, ही गोष्ट तुमचीच होय. फक्त त्यातले लोक गोरे आहेत."

गोष्ट अशी. एकशे साठच्या वर वर्षं झाली. अमेरिकेत उत्तरवाले अन् दक्षिणवाले आपसात लढले. दक्षिणवाल्यांले गुलाम ठेवायचे होते. हे ऐकलं तशी मी खुर्ची जवळ ओढली. उत्तरेच्या फौजेले पिस्तुलं पाहिजे होती, अन् सरकारी कारखान्यात ती बनत नव्हती. मग खाजगी कारखान्यांकडून विकत घेतली, पावणेचार लाखांच्या आसपास. त्यात आपल्यासारखं काडतूस नाही. चक्रीच्या सहा घरांत समोरून दारू अन् गोळी ठासायची, मागून एकेक टिकली बसवायची. दिवाळीत पोट्टे फोडतात तशीच टिकली, फक्त तांब्याची. घोडा पडला की टिकली फुटते अन् बार उडतो.

अन् खरी गंमत पुढं. सरकारचा तपासनीस एकेक नग हातात घेऊन पाहे. पास झाला की मुठीच्या लाकडावर आपल्या नावाची अक्षरं दाबे. ती अक्षरं नाही तर सरकार माल घेत नसे. दीप्तीनं फोटो दाखवला. एवढ्या वर्षांची मूठ, कोपरे झिजले, अन् अक्षरं अजून वाचता येतात. मी खूप वेळ पाहत बसलो. रिटायर झालो त्या दिवशी माझा शिक्का जमा करून घेतला होता. सही केली अन् गेटबाहेर येऊन उगाच चहा पीत उभा राहिलो होतो.

नाटकात असाच एक तपासनीस आहे, थॉमस. कारखान्याचा एजंट त्याच्या मागं लागतो, लढाईची घाई असते, अन् तो चक्री अटकलेलं पिस्तूल पास करतो. दुसऱ्या अंकात तेच पिस्तूल त्याच्या भाच्याच्या हाती जाते अन् भाचा मरतो. दीप्तीले माझ्याकडून एवढंच पाहिजे की पिस्तुलं तिसऱ्या रांगेतून खरी दिसावी.

मी म्हटलं, तिसऱ्या रांगेतून काहून? हातात घेतल्यावर खरी वाटली पाहिजे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

लकडगंजले गेलो. दीप्तीनं लाकूड गोल तासणाऱ्या एका खरादवालीचा पत्ता दिला होता. गोपिकाबाई हेडाऊ. पलंगाचे पाय, बेलणं, लाकडी खेळणी बनवते. नवरा गेल्यापासून आठ वर्षं मशीन एकटीच चालवते. पन्नाशी उलटली असन. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदराले भुसा.

नाटकाले चार पिस्तुलं पाहिजे होती. मी ड्रॉइंग पुढं ठेवलं. रात्रभर बसून काढलं होतं, तीन बाजूंनी, मापासकट. अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक चालणार नाही असं खाली लाल पेननं लिहिलं होतं.

तिनं चष्मा वर केला, खाली केला. "साहेब, हे नाटक होय का लढाई?"

"काम होय," मी म्हटलं.

"मग अर्धा मिलिमीटर नाटकवाले पाहतीन का लढाईवाले?"

"मी पाहीन."

मशीन बंद करून ती हसली. मले राग यायले पाहिजे होता, पण त्या वेळेस आला नाही. घरी आल्यावर थोडा आला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवसांत सहा नग पाहिले, सहाही रिजेक्ट. पहिल्याची मूठ जाडी. दुसऱ्याची चक्री डगडग. तिसरं चांगलं होतं पण नळी खाली झुकलेली. प्रत्येकासोबत चिठ्ठी लावली, नंबर, तारीख, रिजेक्टचं कारण. कारण लिहिल्याबिगर रिजेक्ट करता येत नाही, हा आमच्या सेक्शनचा नियम. नाही तर कोणीही कोणाचाही माल वापस पाठवीन.

गोपिकाबाईले चिठ्ठ्यांचा भयंकर राग आला. म्हणे, "तोंडानं सांगा ना! मी काय सरकार होय?" अन् सहाव्या नगाची चिठ्ठी चुलीत टाकून त्याच्यावर मले चहा करून दिला. चहात अद्रक जास्ती होतं. मी सांगतलं. तर म्हणते, "लिहून द्या."

३ नोव्हेंबर

सातवा, आठवा रिजेक्ट. नववा घरी आणला, पुन्हा पाहीन म्हणून. १३८/८८.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज लकडगंजले जायचं काम नव्हतं. पण सागवानाचा तुकडा वाळला का ते पाहणं जरूरी होतं. वाळला नव्हता. तासभर थांबून पाहिलं तरी वाळला नाही.

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. सौरव, सुरतेले कपड्याच्या मिलमध्ये सुपरवायझर आहे. तो तिले कायमचं घेऊन जाऊन राहिला. दुकान मालकाले वापस, मशीन भंडाऱ्याचा एक जण नेणार. नाटक तीस तारखेले आहे, तेवढं हातचं काम संपवून ती जाणार. तिकीट एक डिसेंबरचं.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "नातवंडं भेटतीन. सुरत मोठं शहर होय."

"हव ना," ती म्हणे, अन् मशीन जोरात चालवलं.

चांगलंच होय. मले काय त्याचं. आता पंचवीस दिवसांत चार पक्के नग बसवून घ्यायचे म्हणजे रोज जावं लागीन. कामाचा भाग आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज तालमीत आफत आली. थॉमसचं काम करणाऱ्याची बदली झाली, चंद्रपूरले. दीप्ती डोक्याले हात लावून बसली. एजंटचं काम भैय्याजी करून राहिले. माझे जुने शेजारी, पारशिवनीकडचे, घरी शेती, आवाज असा की माइकची गरज नाही. ते म्हणे, "अवं दीप्ती, हा समोर बसला ना थॉमस! चौतीस वर्षं ह्यानं दुसरं केलं काय?"

मी नाही म्हटलं. तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्या वेळेस गोपिकाबाई म्हणे, "साहेबाले जमणार नाही. तिथं चिठ्ठी चिकटवता येत नसते." ती मुठीसाठी नटांच्या हाताचं माप घ्यायले तालमीले आली होती.

मी हव म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सीताबर्डीले गेलो. भूमिकेसाठी नवा शर्ट घेतला, फिकट निळा. केसांचा काळा रंगही घेतला, तोही भूमिकेसाठीच. मेघा म्हणते, "बाबा, थॉमस साठ वर्षांचा आहे अन् पांढऱ्या केसांचा. दीप्तीनं पहिल्या पानावर लिहून ठेवलं."

मी म्हटलं, तालमीत कोण पाहते.

"तेच विचारून राहिली मी," मेघा म्हणे, "कोण पाहते?" अन् तोंडावर हात ठेवून आतल्या खोलीत पळाली. बँकेत एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहे, पण पोरकटपणा गेला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पास! एकविसावा नग पास!

चक्री अशी फिरते की ऐकतच राहावं. सहा घरं, सहा खटके, बरोब्बर. मूठ हातात बसते. नळी सरळ. मी उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उजेडात धरलं. गोपिकाबाई मशीनले टेकून उभी. म्हटलं, "हे पास आहे."

"पुन्हा म्हणा."

"पास आहे."

"मोठ्यानं म्हणा. शेजारचा आरा चालू आहे, ऐकू येत नाही."

मी ओरडून म्हटलं. आरावाला लाकूड कापायचं मशीन बंद करून पाहायले आला. त्याले वाटलं कोणाचं बोट गेलं. तिघांनी मिळून संत्रा बर्फी खाल्ली. डॉक्टरले सांगणार नाही.

आज मी फार खुश आहे. खुश आहे असं लिहायले लाज वाटून राहिली, पण आहे तर आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तालमीत भांडण झालं. पहिल्या अंकाच्या शेवटी मी ते अटकलेलं पिस्तूल पाहायचं, "देवा, क्षमा कर" म्हणायचं अन् शिक्का मारायचा. माझ्याकडून शिक्का पडेच ना. हात वर जाये अन् तिथंच थांबे.

"काका, तुम्ही नाही मारत, थॉमस मारतो," दीप्ती म्हणे.

"थॉमस गधा होय."

"हव, गधाच होय! म्हणून तर नाटक आहे!"

मग माझ्या डोक्यात आलं. नाटकात नग खराब आहे, पण माझ्या हातातला नग तर गोपिकाबाईचा एकविसावा आहे, पक्का पास. मी त्यावर शिक्का मारला तर खोटं काही होत नाही. लोकांले वाटते खराब पास केला, मले माहीत असते चांगला पास केला. हे मनात धरलं अन् शिक्का धाडकन पडला. दीप्तीनं टाळ्या वाजवल्या, म्हणे काय अभिनय! अभिनय कायचा. माल चांगला आहे.

मात्र आता एक झालं. तो नग शेवटपर्यंत चांगलाच राहायले पाहिजे. रोज जाऊन तपासावा लागीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दीप्तीनं आणखी एक सांगतलं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात सरकारनं पाच हजार पिस्तुलं मागवली. ती पोचेपर्यंत लढाई संपत आली. बहुतेक नग कोणाच्या हातात गेलेच नाही. तपासलेले, पास झालेले, मुठीवर अक्षरं असलेले, अन् पेट्यांत बंद. वर्षानुवर्षं गोदामात. शेवटी भंगारवाल्यासारखा कोणी घेऊन गेला.

हे मी गोपिकाबाईले सांगतलं. तिनं हातातलं काम थांबवलं.

"चांगलं झालं ना," ती म्हणे. "कोणाचा जीव गेला नाही त्यांनी."

ते मले सुचलंच नव्हतं. मी आपला मालाचं वाईट वाटून घेऊन राहिलो होतो.

मग ती म्हणे, "पण एखाद्यानं पेटी उघडून तर पाहायची होती." असं म्हणून माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, सरकारी पेटी, ऑर्डरबिगर उघडता येत नसते. तिनं चष्मा काढला, पुसला अन् म्हणे, "जाऊ द्या, साहेब."

काय जाऊ द्या ते समजलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस झाले, जेवण जाऊन नाही राहिलं. छातीत जड वाटते. दुपारी चारनंतर जास्ती, म्हणजे लकडगंजहून निघालो की. डॉक्टरकडं गेलो. ईसीजी चांगला. म्हणे अ‍ॅसिडिटी असन, चहा कमी करा. अद्रकाचा चहा तर बंद होणारच आहे एक तारखेपासून.

मेघानं जेवताना विचारलं, "गोपिकाकाकू गेल्यावर काय करसान तुम्ही?"

"काय करायचं आहे? नाटक संपलं, काम संपलं."

"बाबा, आई जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही सहा वर्षांत एकदाही घरात गुणगुणले नव्हते. आता आंघोळीच्या वेळेस सगळ्या बिल्डिंगले ऐकू येते."

म्हटलं, आवाजाची तालीम करतो.

तिनं माझ्या ताटात भाकर वाढली अन् म्हणे, "आईले राग आला नसता, एवढं सांगून ठेवते." कशाचा राग, ते काही बोलली नाही. नाटकात काम केल्याचा असन. कौसल्याले नाटकं फार आवडत. राग कायले येईन?

२५ नोव्हेंबर

१५२/९४. भैय्याजी म्हणे तोंड काहून पाडलं. मी म्हटलं अ‍ॅसिडिटी. ते म्हणे, "ह्या वयात अ‍ॅसिडिटी लकडगंजमधून उठते म्हणतात." अन् एकटेच हसत बसले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटची तपासणी. सौरव अन् सून सुरतेहून आले. दुकानात पेट्या बांधून ठेवल्या होत्या. मशीनवर चादर. भिंतीवर बेलण्यांच्या खुंट्या होत्या, त्या रिकाम्या. मी दारातच थांबलो. आत जावं वाटलं नाही.

तरी गेलो, काम होतं. एकविसावा नग उचलला. चक्री बरोब्बर. पण मुठीवर चमक कमी वाटली. तालमीत हात लागून लागून फिकी झाली. मी म्हटलं, चमक रिजेक्ट.

सौरव माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. म्हणे, "काका, मशीन बांधून झालं."

"मशीन नाही लागत," गोपिकाबाई म्हणे. "पॉलिशचा एक हात मारते. ह्याहिले शेवटचं रिजेक्ट करू दे बाप्पा, समाधान होऊन जाईन." आवाज रोजचा नव्हता.

मी चिठ्ठी लिहायले पेन काढलं. चिठ्ठीबिगर तसाच आलो.

३० नोव्हेंबर, रविवार

 सगळं जसं झालं तसं लिहितो.

दुपारी तीनचा प्रयोग. सभागृह भरलेलं. सौरव अन् सून तिसऱ्या रांगेत, बाजूले मेघा. मी निळा कोट, पांढरी दाढी, काळे केस. दीप्तीनं केसांवर पावडर फासली तवा कुठं जमलं. गोपिकाबाई पेटी घेऊन आली, पिस्तुलं मांडली अन् पडद्याआड स्टुलावर बसली.

पहिला अंक चांगला चालला. शेवटचा प्रसंग आला. भैय्याजी एजंट झालेले, टोपी तिरपी, म्हणे, "साहेब, फौज थांबून आहे. शिक्का मारा."

मी पिस्तूल उचललं. घोडा ओढला. चक्री हलली नाही.

पुन्हा ओढला. नाही हलली. वास घेतला तर ओलं पॉलिश! चमकेचा तो एक हात जास्ती झाला, चक्रीच्या कडेले उतरला अन् वाळता वाळता चिकटला. नाटकात जो नग अटकलेला होता, तो खरंच अटकला.

आता म्हणायचं होतं, देवा क्षमा कर. तोंड उघडलं. बाहेर काय आलं? "रिजेक्ट."

सभागृहात कोणाले काही कळलं नाही. भैय्याजीले कळलं. ते वाकून कानाशी म्हणे, "संघपाल, शिक्का मार गा."

"अटकलं आहे."

"अटकलेलंच पाहिजे! नाटकात तसंच लिहिलं आहे!"

"मी अटकलेला माल पास करत नसतो," मी म्हटलं, अन् ते मोठ्यानं म्हटलं गेलं. मागच्या रांगेतून टाळी पडली.

पडद्याआड दीप्ती दोन्ही हात जोडून उभी. हा नग पास झाला नाही तर भाचा मरत नाही, अन् भाचा मरत नाही तर दुसरा अंकच नाही. मले सगळं माहीत होतं. पण हात वरच जाईना. भैय्याजींले घाम फुटला. त्याहिनं खूप जोर लावला. लढाई, देश, मुलंबाळं सगळं सांगून झालं, शेवटी काही सुचेना तर पेटीवर बसून म्हणे, "साहेब, पारशिवनीची दोन एकर ओलिताची तुमच्या नावावर करतो!" सभागृह हसून हसून पडलं.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "काहून रिजेक्ट?"

गोपिकाबाई स्टेजवर! नऊवारी नाही, गोऱ्या बाईचा झगा नाही. तिची रोजची साडी, पदर खोचलेला, पायात चप्पल. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एकविसावा नग तुम्ही पास केला होता. सगळ्या लकडगंजनं ऐकलं. आता काहून रिजेक्ट?"

"चक्री अटकली, बाई."

"काल चमक नाही म्हणून कोणी वापस केला? एक हात जास्ती मारायले कोणी लावला?"

"मी लावला. पण अटकली तर अटकली."

"दाखवा इकडं." तिनं पिस्तूल हिसकलं, भैय्याजीले पेटीवरून उठवलं अन् स्वतः बसली. कमरेचा पॉलिश पेपर काढून चक्रीची कड घासायले लागली.  नुसता घासल्याचा आवाज. घासता घासता बोलत होती, माझ्याशी का लोकांशी कोण जाणे. "तीस दिवस ह्या माणसानं माझं डोकं खाल्लं. मूठ जाडी, नळी वाकडी, चहात अद्रक जास्ती. माझ्या नवऱ्यानं कधी माझं काम एवढं निरखून पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. बेलण बेलणासारखं दिसलं, झालं. ह्यानं पाहिलं." मग उठली. "घ्या. पाहा."

मी घोडा ओढला. चक्री फिरली. सहा घरं, सहा खटके.

"पास?"

"पास." मी शिक्का मारला. असा मारला की टेबल हललं. टाळ्या सुरू झाल्या.

"झालं तर मग," ती म्हणे. "आता मी जाते." अन् वळली.

ती वळली अन् माझ्या छातीत ते जड आलं, दुपारी चारनंतरचं. अन् त्या क्षणाले मले समजलं की ती अ‍ॅसिडिटी नव्हती. एकसष्ट वर्षांचा बैल मी, चारशे लोकांसमोर, तोंडाले डिंकानं चिकटवलेली दाढी, अन् तवा मले समजलं.

"रिजेक्ट," मी म्हटलं.

ती थांबली. "आता काय रिजेक्ट?"

"जाणं."

भैय्याजींनी टोपी काढली. टाळ्या थांबल्या होत्या.

ती हळूहळू वळली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "कारण सांगा," ती म्हणे. "बिनाकारण रिजेक्ट चालत नाही. तुमचाच नियम होय."

चौतीस वर्षांत हजारो कारणं लिहिली. माप कमी, माप जास्ती, तडा, गंज. कधी पेन अडलं नाही. आज लिहायले चिठ्ठी नव्हती. मग म्हटलं, "मले तुमच्याबिगर करमत नाही."

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही. आवाजच एवढा झाला. पडदा पडला का ओढला माहीत नाही. दुसरा अंक झालाच नाही. भाचा झालेला पोरगा सैनिकाच्या कपड्यात आतच नाचून राहिला होता की मी वाचलो, मी वाचलो. दीप्ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणे, "काका, दोन वर्षं लिहिलेल्या नाटकाची वाट लावली तुम्ही." मी माफी मागितली. ती म्हणे, "मागू नका. एवढं चांगलं मले लिहिता आलं नव्हतं."

मग सौरव आत आला. तोंड गंभीर. मी दाढी काढायले गेलो, अर्धीच निघाली. तसाच उभा राहिलो. त्यानं आईकडं पाहिलं. ती खाली पाहत होती. मग माझ्याकडं पाहिलं.

"काका, बीपी आहे म्हणे तुम्हाले?"

"आहे. रोज लिहितो."

"शुगर?"

"नाही."

"बर्फी खाता?"

"एकदा खाल्ली."

त्याच्या मागं त्याची बायको हसून राहिली होती. तो खिशातून फोन काढून म्हणे, "मी आईचं तिकीट रद्द केलं. तुम्ही कारण सांगायच्या आधीच केलं. आई पेपर घासत होती ना, तवाच. मी तिले असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं."

१ डिसेंबर, सोमवार

निकाल लागला. आमच्या नाटकाले काहीच नाही, नियमात बसत नाही म्हणे. परीक्षकांनी मात्र विचारलं की एजंटच्या कारखान्यातली ती बाई कोण, तिचं नाव यादीत काहून नाही. दीप्तीनं चार जागी फोन करून हे सांगतलं अन् प्रत्येक वेळेस जास्तीच हसली.

सकाळी मी लकडगंजले गेलो. आज कोणतंही काम नव्हतं, अन् मी मनातल्या मनात एकही काम शोधलं नाही. सौरव अन् सून पेट्या सोडत होते. भंडाऱ्याच्या माणसाले नाही म्हणून कळवलं. गोपिकाबाई मशीनवरची चादर काढून घडी घालून राहिली होती. मी दुसरं टोक धरलं.

चादरीची घडी लहान लहान होत गेली अन् आम्ही समोरासमोर आलो. म्हटलं, एक विचारू?

"विचारा."

"काल मी बोललो नसतो तर तुम्ही खरंच गेल्या असत्या?"

"गेली असती."

"जायचं होतं तुम्हाले?"

"नाही."

"मग काहून जाऊन राहिल्या होत्या?"

तिनं चादर माझ्या हातातून घेतली. "कोणी थांब म्हणलंच नाही," ती म्हणे. "सौरव ये म्हणे, म्हणून जाऊन राहिली होती."

मी म्हटलं, थांब. 'तुम्ही' नाही म्हटलं, 'बाई' नाही म्हटलं. गोपिका, थांब.

"थांबली," ती म्हणे. मग मशीन चालू केलं, आरावाल्यानं तिकडून हात केला, अन् मी दाराजवळच्या स्टुलावर दुपारपर्यंत बसलो.